दुखणं कुणी काढलं?

६४व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांची यादी एप्रिल २०१७मध्ये आली आणि त्या वर्षी मराठीने मैदान मारलं. सर्वोत्कृष्ट चित्रपट ‘कासव’, सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक ‘व्हेंटिलेटर’साठी राजेश मापुसकर, सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ‘दशक्रिया’. यातले शेवटचे दोन शेजारी शेजारी ठेवून बघा. ‘व्हेंटिलेटर’ आयसीयूच्या दाराबाहेर घडतो, माणूस जायच्या आधीचे काही दिवस. ‘दशक्रिया’ पैठणच्या घाटावर घडतो. तिथे माणूस गेलेला असतो आणि एक पोरगा नदीत सोडलेल्या राखेतून नाणी शोधत असतो. म्हणजे मरणाच्या अलीकडचा दरवाजा आणि पलीकडचा घाट, दोन्ही आपल्याकडे आहेत, आणि दोन्ही चांगले आहेत.

नाहीत ते आयसीयूच्याही आधीचे महिने. घरातल्या खाटेवरचे. युरिन बॅग, एअर बेड, मिक्सरमधून काढलेली भाजी, दर दोन तासांनी कूस बदलणं. या दिवसांसाठी मराठीत फार नेमका शब्दप्रयोग आहे. दुखणं ‘काढणं’. ‘सासूचं सगळं दुखणं तिनेच काढलं.’ विहिरीतून पाणी काढावं, शेतातून तण काढावं, तसं दुखणंही कुणीतरी काढावं लागतं, ही समज या क्रियापदात आहे. भाषेला जे माहीत आहे ते आपल्या सिनेमाला अजून दिसलेलं नाही, असं मला वाटतं. आणि ही तक्रार फक्त सिनेमाबद्दल नाही.

*

आधी ‘व्हेंटिलेटर’, कारण तो मला मनापासून आवडतो. कामेरकरांच्या घरातले गजूकाका व्हेंटिलेटरवर जातात. गणपती तोंडावर आलेत. काका आत्ता गेले तर सुतक लागणार आणि गणपतीचं काय, हा प्रश्न कुणी उघड विचारत नाही आणि सगळे विचारतात. मुंबईतले, कोकणातले नातेवाईक हॉस्पिटलच्या वेटिंग एरियात जमतात, आणि बघता बघता त्या खुर्च्यांचा वाडा होतो. डबे येतात, जुनी भांडणं येतात, जमिनीचे विषय येतात. शंभरच्या वर पात्रं आहेत आणि तरी गोंधळ होत नाही. ज्याने कुणी मुंबईत आयसीयूबाहेर एक रात्र काढली आहे त्याला हे खरं आहे हे सांगावं लागत नाही. तिथे माणसं खरंच हसतात. वडापाव खातात. कुणाचं लग्न कुठे जमलं याची चौकशी करतात.

सिनेमाचं भावनिक वजन मात्र बाप आणि मुलगा या नात्यावर आहे. जितेंद्र जोशीचा प्रसन्न बापावर चिडलेला आहे. आशुतोष गोवारीकरचा राजा, म्हणजे गजूकाकांचा पुतण्या, हा सगळा प्रकार बघता बघता आपल्या बापाकडे नव्याने बघायला लागतो. निर्णयाचं ओझं मुलावर येतं आणि ते ओझं त्याला मोठं करतं. हा भाग रडवतो. मी दोनदा पाहिला आणि दोनदा रडलो.

पण तिसऱ्यांदा पाहताना एक गोष्ट खटकायला लागली. काकांवरून एवढी चर्चा होते, पण काकांना स्वतःला काय हवं असतं, हा प्रश्न कधीच मध्यभागी येत नाही. यंत्र काढायचं की ठेवायचं, हा प्रश्न मुलाच्या मनात काय चाललंय त्यावर तोलला जातो. काका हे नाटकाचं निमित्त आहेत. ते बोलू शकत नाहीत, ही सिनेमाची अडचण नसून सोय आहे. रिकाम्या जागेत सगळ्यांना आपापलं दुःख, आपापला राग ठेवता येतो.

*

त्याच्या तीन वर्षं आधी, २०१३मध्ये, गजेंद्र अहिरेंचा ‘अनुमती’ आला होता. तिथेही तेच यंत्र आहे, पण हशा नाही. रत्नाकर हा निवृत्त शिक्षक. बायको मधू हिला ब्रेन हॅमरेज झालंय. विक्रम गोखले आणि नीना कुळकर्णी. पैसे संपत चाललेत. मुलगा सांगतोय, सही करा. रत्नाकर सही करत नाही आणि पैशासाठी वणवण फिरतो. गोखल्यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, इरफान खानसोबत विभागून. तो का मिळाला हे कळायला त्यांचं नुसतं चालणं पुरेसं आहे. पैसे मागायला निघालेल्या मास्तरचं चालणं आहे ते.

‘अनुमती’ची मोठी गोष्ट म्हणजे त्यात बिल आहे. मरणावरच्या आपल्या कलाकृती बहुतेक वेळा बिलाचा आकडा टाळतात, कारण प्रेमाशेजारी आकडा ठेवला की वाईट दिसतं. इथे तो ठेवला आहे, आणि मुलगा खलनायक न होता तो ठेवला आहे. मुलाचं गणित चुकीचं नाही, बापाचा हट्टही चुकीचा नाही.

पण शीर्षक पुन्हा वाचा. अनुमती. कुणाची? सिनेमाच्या हिशेबात नवऱ्याची. कागदावर सही त्याची लागणार आहे, म्हणून कथा त्याची आहे. मधू ही आठवणींमधली प्रेमळ बायको आणि खाटेवरचं शांत शरीर यांच्यामध्ये कुठेतरी आहे. मधूने कधी, शेजारणीचं दुखणं पाहून आल्यावर, भाजी निवडताना, ‘माझं असं करू नका हं’ असं काही म्हटलं होतं का? आपल्या घरांमध्ये बायका हे वाक्य आयुष्यात किती वेळा म्हणतात! ते कुणाच्याच खिजगणतीत नसतं.

मी दिवसभर कोड लिहितो. आमच्याकडे एक साधी गोष्ट असते, डिफॉल्ट. वापरणाऱ्याने काहीच सांगितलं नाही तर जे आपोआप होतं ते. डिफॉल्टला मत नसतं, पण बहुसंख्य वेळा तोच चालतो. आजच्या शहरी मरणाचा डिफॉल्ट अॅडमिट, आयसीयू, ट्यूब हा आहे. तो कुणा एकाने निवडलेला नसतो. दोन्ही सिनेमे सुरू होतात तेव्हा हा डिफॉल्ट चालून गेलेला असतो, आणि उरलेली धडपड तो कसा थांबवायचा याची असते.

*

माझी आजी आमच्या मुलुंडच्या घरी चौदा महिने खाटेवर होती. स्ट्रोकनंतर उजवी बाजू गेली, बोलणं अडखळतं झालं पण गेलं नाही. खाट सर्जिकलच्या दुकानातून महिन्याच्या भाड्याने आणलेली. दिवसा ब्यूरोतून एक मावशी यायच्या, रात्री आई. मी तेव्हा बेंगळुरूला पहिल्या नोकरीत होतो, रविवारी व्हिडिओ कॉलवर दिसणारी आजी मला माहीत होती. तिने खाट बेडरूममधून हॉलमध्ये घ्यायला लावली, कारण तिथून सोसायटीचं गेट ऐकू येतं. भाजीवाला, शाळेची बस, वॉचमनचं भांडण. दिसायचं काही नाही, पण ऐकू यायचं.

आधीच्या वेळी ती एका हॉस्पिटलात अकरा दिवस होती. घरी आल्यावर तिने मावशींना सांगितलं, ‘परत तिथे नेऊ नका.’ आईलाही सांगितलं. एकदा नाही, वारंवार. मावशींनी तिला विचारलं होतं, ‘आजी, त्रास झाला तर?’ त्यावर ती म्हणाली होती, ‘तू आहेस ना.’

मग एका पहाटे श्वास लागला. पुण्याचे काका फोनवर होते. बाबा गोंधळलेले. ‘प्रयत्न तरी केला पाहिजे ना’ हे वाक्य कुणीतरी म्हटलं, आणि हे वाक्य एकदा म्हटलं गेलं की त्याला उत्तर नसतं. पाचव्या दिवशी ती आयसीयूत गेली. सगळ्या कागदांवर सह्या बाबांच्या आणि काकांच्या. दोघंही आईवर जीव टाकणारे. आई त्या पहाटे म्हणाली होती की त्यांना नको होतं. ते ऐकलं गेलं नाही असंही नाही. ते सुनेचं मत म्हणून ऐकलं गेलं. मावशींना तर कुणी विचारायचा प्रश्नच नव्हता, त्यांची ड्युटी आठला सुरू व्हायची.

हे मला आईने खूप नंतर, कपड्यांच्या घड्या घालता घालता सांगितलं, आणि मग माझ्या डोक्यात दोन्ही सिनेमे वेगळ्या कोनात फिरले. जे दुखणं काढतात त्यांना माणसाची इच्छा माहीत असते. जे सही करतात त्यांना ती माहीत असेलच असं नाही. आणि आपली गोष्ट कायम सही करणाऱ्याची असते. कॅमेरा पेनाजवळ असतो, खाटेजवळ नसतो. मावशी तर आपल्या पडद्यावर आल्याच तर ट्रे घेऊन येतात आणि जातात.

*

गंमत म्हणजे ज्या प्रकरणातून भारतात हा सगळा कायदा सुरू झाला, त्यात दुखणं काढणाऱ्यांचंच ऐकलं गेलं होतं. २७ नोव्हेंबर १९७३ला परळच्या केईएम हॉस्पिटलात अरुणा शानबाग या नर्सवर हल्ला झाला. त्यानंतर १८ मे २०१५पर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून जास्त, त्या त्याच हॉस्पिटलात खाटेवर होत्या. पिंकी विराणींनी त्यांच्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, पुढे त्यांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात गेल्या. मराठीत दत्तकुमार देसाईंनी ‘कथा अरुणाची’ हे नाटक लिहिलं, विनय आपट्यांनी ते रंगमंचावर आणलं.

७ मार्च २०११च्या निकालात कोर्टापुढे पहिला प्रश्न हाच होता की अरुणाच्या वतीने बोलायचं कुणी. कोर्टाने सांगितलं की तो अधिकार लेखिकेचा नाही. इतकी वर्षं तिला भरवणाऱ्या, स्वच्छ ठेवणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे. त्यांना ती जगायला हवी होती. याचिका फेटाळली गेली, पण विशिष्ट परिस्थितीत, उच्च न्यायालयाच्या परवानगीने, उपचार थांबवता येतील हे तत्त्व त्याच निकालात मान्य झालं. इतक्या वर्षांत त्यांना बेडसोर झाले नाहीत, ही गोष्ट तेव्हा सगळीकडे सांगितली गेली. ज्यांनी घरी खाट सांभाळली आहे त्यांना हे वाक्य किती मोठं आहे ते कळेल. त्यामागे बदलत गेलेल्या नर्सच्या पिढ्यांचे हात आहेत, रोजचे.

इथे माझ्याच म्हणण्याला एक अडसर येतो, आणि तो बाजूला ढकलणं बरोबर नाही. काळजी घेणारा म्हणजे इच्छा जाणणारा, असं सरळ समीकरण नाही. अरुणाला काय हवं होतं, हे केईएमच्या नर्सनाही तिच्याकडून कळण्याची सोय नव्हती. घरी दुखणं काढणारी बाई थकलेली असते, चिडलेली असते, कधी ‘सुटू दे आता’ असं तिच्याही मनात येतं, आणि ते कुणासाठी येतं हे तिलाही सांगता येत नाही. म्हणून तर हा विषय सिनेमाचा आहे, कादंबरीचा आहे. एवढी गुंतागुंत फॉर्मवर मावत नाही.

फॉर्म मात्र आता आहे. ९ मार्च २०१८ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं म्हटलं आणि लिव्हिंग विलला मान्यता दिली. शुद्धीवर असताना लिहून ठेवायचं की बरं होण्याची आशा नसेल तेव्हा मला कोणते उपचार नकोत, आणि मला बोलता येत नसेल तर कोण ठरवेल. तेव्हाची प्रक्रिया इतकी किचकट होती की ती वापरणं जवळपास अशक्य होतं, त्यात न्यायदंडाधिकाऱ्यांची सहीसुद्धा लागायची. २४ जानेवारी २०२३ला कोर्टाने ती सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. एकाहून जास्त नातेवाइकांची नावं देता येतात. हा कागद सांभाळायला स्थानिक स्वराज्य संस्थेत अधिकारी असायला हवा. मुंबईतले डॉक्टर निखिल दातार यांनी स्वतःचं विल करून, त्यासाठी यंत्रणा उभी राहावी म्हणून उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती.

हे सगळं वर्तमानपत्रात ‘इच्छामरण’ या एका शब्दात कोंबलं जातं. इच्छामरण म्हटलं की आपल्याला भीष्म आठवतो, नाहीतर सुई. बरं होण्याची आशा नसताना यंत्र न लावणं आणि वेदना कमी करत शेवटपर्यंत सोबत राहणं, याला आपल्याकडे घरगुती शब्दच नाही. वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६पासून नेमकं हेच करतंय, भारतातलं पहिलं हॉस्पिस म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. लोकलमधून वांद्र्यावरून रोज लाखो माणसं जातात. आपल्या गोष्टी मात्र त्या दारातून आत गेल्या नाहीत.

*

बाहेर हे झालेलं नाही असं नाही. मिकाएल हानेकेच्या ‘आमूर’मध्ये (२०१२, कानचं सर्वोच्च पारितोषिक) म्हातारी अॅन नवऱ्याकडून वचन घेते की मला परत हॉस्पिटलात पाठवायचं नाही. त्यानंतरचा अख्खा सिनेमा एका फ्लॅटमध्ये त्या वचनाचं वजन तोलत राहतो. भरवणं, उचलणं, आंघोळ, चिडचिड. तिथे सही करणारा आणि दुखणं काढणारा माणूस एकच आहे, म्हणून तो सिनेमा इतका भयंकर होतो. हिंदीत शूजित सरकारच्या ‘ऑक्टोबर’ने (२०१८) युरिन बॅगकडे बघायचं धाडस केलं.

मराठीतही आधी आवाज होता. जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’तले नाना-नानी सत्तरच्या दशकात रंगमंचावर आले, विजया मेहतांनी ते नाटक बसवलं आणि नानी त्यांनीच केली. त्या दोघांचं ऐकायला घरात कुणी नव्हतं, पण ती दोघं बोलत होती. नाटकच त्यांच्या बोलण्याचं होतं. चाळीस वर्षांनी पडद्यावर यंत्र आलं, घर माणसांनी भरलं, आणि मरणारा माणूस गप्प झाला.

अलीकडचा एक सिनेमा मला या सगळ्यात वेगळा वाटतो. रोहन परशुराम कानवडेचा ‘साबर बोंडं’. २०२५मध्ये सनडान्सला जागतिक चित्रपट विभागात ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळवून आलेला. मुंबईत राहणारा आनंद बापाच्या दहा दिवसांच्या दुखवट्यासाठी आईबरोबर गावी जातो. काय घालायचं, काय खायचं, कसं वागायचं याचे नियम नातेवाईक सांगतात, आणि मधूनमधून लग्नाचं विचारतात. आनंदला लग्न का करायचं नाही हे आईला माहीत आहे, गेलेल्या बापालाही माहीत होतं. गावात बालपणीचा मित्र बाळ्या भेटतो आणि त्या दहा दिवसांत दोघांमध्ये काहीतरी हळुवार उगवतं.

या सिनेमात पार्श्वसंगीत नाही, कॅमेरा बहुतेक वेळा जागचा हलत नाही. दुःखाला कुणी ढकलत नाही. दुखवटा नातेवाइकांच्या हातात आहे, आठवण मात्र आई आणि मुलाकडे आहे, कारण त्या माणसाबरोबर ती दोघं राहिली आहेत. बाप कसा होता हे आपल्याला त्यांच्या साध्या बोलण्यातून कळत जातं. तो पडद्यावर नसूनही गजूकाका आणि मधूपेक्षा जास्त बोलतो. हे शक्य होतं कारण जिवंतपणी या घरात एक अवघड गोष्ट बोलली गेली होती. ज्या घरात मुलगा बापाला ‘मी असा आहे’ हे सांगू शकला, त्या घरात बापही ‘मला असं हवंय’ हे सांगू शकला असेल, असं सिनेमा संपल्यावर मला वाटत राहिलं. सिनेमा तसं काही म्हणत नाही, हा माझा अंदाज.

आपल्या पिढीला आठवण ठेवण्याची साधनं कमी नाहीत. आपण न वापरल्यास अकाउंटचं काय करायचं हे विचारणारं गूगलचं सेटिंग २०१३पासून आहे, ‘अनुमती’ आला त्याच वर्षापासून. फोटो कुणाला मिळावेत हे विचारलं जातं. घशात नळी घालायची का, हे घरात विचारलं जात नाही. स्टेटसला फोटो लागतो, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ पडते, चोवीस तासांनी जाते.

म्हणून मला आता असा मराठी सिनेमा बघायचा आहे जो उपनगरातल्या एका वन बीएचकेमध्ये, भाड्याच्या खाटेशेजारी सुरू होईल. ज्यात ब्यूरोतून येणाऱ्या मावशींना नाव असेल, विरारची किंवा दिव्याची लोकल असेल, आणि त्यांना जे माहीत आहे ते माहीत असेल. ज्यात पहाटेचा फोन येईल, ‘प्रयत्न तरी केला पाहिजे’ असं कुणीतरी प्रेमाने म्हणेल, आणि कॅमेरा फोन धरलेल्या मुलाकडे न जाता सुनेकडे वळेल, तिने तोंड उघडेपर्यंत थांबेल. ती काय म्हणेल ते मी सांगणार नाही. ती बोलल्यावर खोलीतले बाकीचे काय करतात, त्यात अख्खा सिनेमा आहे.